खून, गाणी आणि गरम पाय

भाच्याने एका शनिवारी दोन तबकड्या आणून दिल्या, आणि त्यानंतरचे तीन रविवार मी दाढी घरीच केली. दोन्हींवर ‘स्वीनी टॉड’च. एकीवर टिम बर्टनचा २००७ चा चित्रपट. दुसरीवर स्टीफन साँडहाइमच्या मूळ संगीत नाटकाचा, टीव्हीसाठी चित्रित केलेला प्रयोग. नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले १९७९ साली.

गोष्ट लंडनची. एका न्हाव्याच्या बायकोवर न्यायाधीशाचा डोळा. तो न्हाव्याला खोट्या आरोपाखाली काळ्या पाण्यावर धाडतो. पंधरा वर्षांनी परतलेला न्हावी गिऱ्हाइकांचे गळे कापू लागतो आणि खालची दुकानवाली मिसेस लव्हेट त्यांचे ‘पाय’ करून विकते.

“आणि बाकीच्या अंगाचं काय करते हो?” सौ.ने विचारले.

तेव्हा सांगावे लागले की हा पाय म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. ती तेवढ्यापुरती निर्धास्त झाली.

चित्रपटात रक्त भरपूर. वस्तरा फिरला की लालभडक कारंजे उडते आणि कॅमेरा ते अगदी नाकाशी आणून दाखवतो. मी दोनदा चष्मा पुसला. नाटकात मात्र गळा कापला की गिरणीच्या भोंग्यासारखी कर्कश शिट्टी वाजते. त्या भोंग्याने माझ्या पोटात जो गोळा आला, तो रक्ताने आला नाही. रक्ताला माणूस सरावतो. बँकेत रोज लाखाच्या थप्प्या मोजणाऱ्याला पैशाचे काही वाटेनासे होते, तसेच.

पण खरी गोम हसण्यात आहे. कोणत्या धंद्याच्या माणसाचा पाय कसा लागेल, यावर टॉड आणि लव्हेट एक धमाल गाणे गातात. पाद्री, वकील, कवी, कुणाला सोडत नाहीत. नाटकात अँजेला लॅन्सबरी अशी काही फिरकी घेते की मी मांडी थोपटून हसलो. (कारकुनाचा पाय कोरडाच निघणार आणि मधेच टाचणी लागणार, अशी भरही मी घातली.) आणि पहिला अंक संपतो तो याच गाण्यावर! आपल्याकडे हा प्रयोग असता तर मध्यंतरात बटाटेवडेवाल्याचा धंदा बसला असता. वडा हातात घेतल्यावर कळते, आपण आत्ता कशाला हसलो ते. कटात आपणही सामील झालेले असतो.

चित्रपटात तेच गाणे जॉनी डेप आणि हेलेना बॉनहॅम कार्टर खिडकीतून रस्त्यावरची माणसे न्याहाळत, कुजबुजल्यासारखे गातात. ऐकायला छान, पण हसू येत नाही. हसलो नाही म्हणजे आपण निर्दोष. खून त्यांच्या नावे, आपल्या खात्यावर काही नाही.

एका जागी मात्र बर्टनने बाजी मारली. लव्हेटबाई समुद्रकाठच्या संसाराचे स्वप्न रंगवते, तिथे करडा पडदा एकदम झगझगीत होतो आणि टॉड प्रत्येक चित्रात एरंडेल प्यायल्यासारखा बसलेला. असला विनोद कॅमेऱ्यालाच जमावा.

पण नाटकात येऊन-जाऊन गोष्ट सांगणारा, ‘ऐका हो ऐका’ म्हणणारा जो जमाव आहे, तो बर्टनने काढूनच टाकला. त्यांच्या गाण्याची चाल तेवढी सुरुवातीला वाद्यांवर वाजते. पडद्यावर रस्त्यात उभे राहून गाणारी माणसे विचित्र दिसली असती, हे मान्य. (आपल्या हिंदी चित्रपटवाल्यांना विचारले असते तर त्यांनी ही अडचण चुटकीसरशी सोडवली असती.) जमाव गेला आणि शेवट टॉडच्या घरचा झाला: मेलेली बायको मांडीवर आणि वरून ठिबकणारे त्याचेच रक्त. मला हुंदका आला. तो गिळून मी चहा टाकायला सांगितला.

नाटकाच्या शेवटी मेलेले सगळे उठून पुन्हा गाऊ लागतात, आणि असला टॉड कुठेही असू शकतो असे म्हणत प्रेक्षकांत बोटे दाखवतात. सौ.ने चटकन मागे वळून पाहिले.

मागे आमचे कपाट होते. तरी तिने उठून ते उघडून बघितलेच.