तिरप्या ठळक देवनागरीचा प्रश्न

श्रीक्षेत्र मोरगाव हे अष्टविनायकांतील पहिले स्थान होय. अशा क्षेत्राच्या वाटेवरील फलकाचे कार्य एकच: चालत्या वाहनातील वाचकास नाव तत्काळ कळविणे. ह्यासाठी जाड, तिरप्या आणि सर्वत्र सारख्याच जाडीच्या मुद्राक्षरांची योजना पुष्कळदा केली जाते. जाडीमुळे शब्द दुरून दिसतो व कलामुळे त्यास गती येते, अशी त्यामागील धारणा. ‘श्रीक्षेत्र मोरगाव’ आणि ‘मयूरेश्वर’ ह्या नावांवरच ती पारखून पाहता येते.

रोमन लिपीत तिरप्या ठशाला हस्तलेखनाचा आधार आहे. व्हेनिस येथे आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य ज्या ठशात छापले, तो फ्रांचेस्को ग्रिफोने प्रचलित जलद लेखनाच्या वळणावरून घडविला होता. तेथे कलाबरोबर अक्षराची घडणही बदलली. देवनागरीच्या छपाईत असे स्वतंत्र तिरपे वळण रुजले नाही. ‘एक टाइप’ने घडविलेल्या ‘मुक्ता’ ह्या समरेख टंकाची सात वजने आहेत, परंतु तिरपे रूप नाही. तो फलकावर तिरपा दिसला, तर तो कल संगणकाने दिलेला असतो.

हा यांत्रिक कलच दोषाचे मूळ आहे. शिरोरेषा आडवीच राहते. काना उजवीकडे कलतो व किंचित बारीक होतो. उलट, ‘मो’ व ‘रे’ ह्यांतील डावीकडे झुकलेली मात्रा जवळजवळ उभी राहते आणि अधिक जाड भासते. ‘व’ची वाटोळी गाठ दोन कोपऱ्यांत ओढली जाते. म्हणजे ज्या समान जाडीमुळे हा टंक समरेख ठरतो, तीच नष्ट होते. ‘क्ष’मधील पोकळी जाडीने आधीच आक्रसलेली असते, दुरून ती काळा ठिपका होते. वाचकाला भेद दाखविणारी चिन्हेच अशा रीतीने क्षीण होतात.

मग मराठी लेखनाची गती कोठे शोधावी? मोडीत. मोडीलेखकाने शिरोरेषा आधी ओढून घेतली आणि हात न उचलता लिहिता यावे म्हणून अक्षरांची घडणच पालटली. गती कलातून नव्हे, रेषेच्या जोडणीतून आली. तथापि मोडीचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तिने सहसा पाळला नाही; देवनागरी फलकाला तो सोडता येत नाही. घ्यावयाचे ते तत्त्व: आधी घडण, मग कल.

तिरपा ठळक टंक सर्वस्वी त्याज्य नाही. ‘चहा’सारख्या मात्रा व जोडाक्षरे नसलेल्या आखूड शब्दास तो शोभतो. परंतु क्षेत्राचे नाव लिहिताना मात्रेची जाडी, गाठीची गोलाई आणि जोडाक्षरातील पोकळी पुन्हा हाताने घडविली पाहिजे. तेवढे श्रम शक्य नसतील, तेथे सरळ अक्षरच अधिक वेगाने वाचले जाते.