वारस दाखल्याची भाषा : मुंबईच्या 1827 च्या विनियम 8 चे चिकित्सक वाचन
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक
वारसाहक्काच्या चर्चेत 'प्रोबेट' हा शब्द हटकून येतो. वस्तुतः भारतीय वारसा कायदा, 1925 मधील प्रोबेटची सक्ती प्रामुख्याने मुंबई, कोलकाता व चेन्नई यांच्याशी निगडित मृत्युपत्रांपुरती होती. सातारा-सांगलीतील अल्प मिळकतीची व्यवस्था वारस नोंद, वारस दाखला व नामनिर्देशन यांवरच चालत आली आहे. यांपैकी वारस दाखल्याचा आधार असलेल्या विनियमाचा पाठ येथे तपासावयाचा आहे.

विनियमाचा पाठ
हा विनियम निघाला तेव्हा सातारा छत्रपतींच्या आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात होती. सातारा 1848 मध्ये खालसा झाले, तर सांगली 1948 मध्ये विलीन झाली. विनियमाची पहिलीच तरतूद उदार आहे : वारसाने न्यायालयात न जाताही मिळकतीचा कारभार हाती घ्यावा. ज्याला औपचारिक मान्यता हवी, त्याच्या अर्जावर जाहीरनामा काढून हरकतींसाठी एक महिन्याची मुदत दिली जाते. दाखल्याने मालकी मिळत नाही, तो केवळ तूर्तचा कारभारी दर्शवितो, हेही विनियम स्पष्ट सांगतो. कारभार आणि मालकी यांतील हा भेद हे या पाठाचे बलस्थान होय.

त्याची मर्यादाही येथेच आहे. हरकत घेण्याचा भार वंचित व्यक्तीवर पडतो आणि तिचे मौन संमती ठरते. सासरी, दुसऱ्या तालुक्यात नांदणाऱ्या लेकीपर्यंत जाहीरनामा पोहोचेलच, असे नाही.

व्यवहारातील अर्थांतर
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार वारसाने तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. परंतु लोकभाषेत 'सातबाऱ्यावर नाव लागले' म्हणजे जमीन झाली आणि 'नाव कमी केले' म्हणजे हक्क संपला. बँकेतील ठेवीबाबतही हेच घडते. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'सरबती देवी' खटल्यात 1983 मध्येच सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनी नामनिर्देशन नसलेल्या दाव्यांसाठीही सोपी पद्धत घालून दिली. तिची किमान मर्यादा सहकारी बँकांसाठी 5 लाख व इतर बँकांसाठी 15 लाख रुपये आहे. ही सुलभता स्वागतार्हच आहे. मात्र ती वारसांच्या यादीच्या खरेपणावर उभी आहे.

निष्कर्ष
2005 च्या दुरुस्तीने हिंदू कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत पुत्रासमान हक्क दिला. स्वेच्छेने नोंदविलेले हक्कसोडपत्र वैधच आहे. परंतु माहेर तुटेल या भयाने केलेल्या सहीस स्वेच्छा म्हणता येणार नाही. अल्प मिळकतीला प्रोबेटचा भार नको, हे मान्य. तथापि प्रत्येक वारसास त्याच्या राहत्या पत्त्यावर व्यक्तिशः सूचना मिळाल्याशिवाय ही सोपी वाट सर्व वारसांसाठी सारखी सोपी ठरणार नाही.