‘अंशांकन’ की ‘अंशशोधन’? : वर्णपटमापकाच्या निमित्ताने

पदार्थविज्ञानाच्या मराठी प्रयोगवर्णनांत ‘पाऱ्याच्या दिव्याने वर्णपटमापकाचे अंशांकन करून घ्यावे’ अशा धर्तीचे वाक्य येते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु नेमके काय करावयाचे, हे त्यावरून कळत नाही. अंशांकन म्हणजे अंशांच्या खुणा करणे. ते काम यंत्र घडविणाऱ्याने आधीच केलेले असते. त्या खुणा कितपत खऱ्या आहेत हे ज्ञात तरंगलांबीच्या प्रकाशावर पारखणे, एवढेच प्रयोगकर्त्याकडे उरते. सराफ कसोटीवर सोने घासतो तेव्हा त्याला सोन्याचा कस कळतो. सोने त्यामुळे अधिक शुद्ध होत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. पाऱ्याच्या बाष्पदीपाच्या ठळक दृश्य रेषा ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७, ५७६.९६ व ५७९.०७ नॅनोमीटर या होत. समजा, यंत्राने हिरवी रेषा ५४६.४७ वर आणि जांभळी ४०४.७६ वर दाखविली. हिरवीपाशी ०.४० ची चूक, जांभळीपाशी ०.१० ची. अंशांकन म्हणजे ‘यंत्र ठीक करणे’ असा अर्थ घेणारा विद्यार्थी स्क्रू फिरवून हिरवी रेषा जागेवर आणील व निश्चिंत होईल. सारी मापपट्टी ०.४० ने सरकल्यामुळे जांभळ्या टोकाला मात्र आता ०.३० ची उलट चूक असेल, आणि ती त्याची स्वतःची असेल. वास्तविक स्क्रूला हात लावण्यापूर्वी प्रत्येक रेषेपाशी पडणारा फरक लिहून त्याचा आलेख काढावयाचा असतो; तो आलेख हेच या क्रियेचे फलित. पाऱ्याची ठळक रेषा तांबड्या भागात नसल्याने तेथे आलेख अंदाजाने ओढू नये, कॅडमियमची ६४३.८५ ची किंवा निऑनची ६४०.२२ ची रेषा घ्यावी.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मापविज्ञान-शब्दसंग्रहाने ही पारख आणि यंत्राची जुळवणी यांची गल्लत करू नये, असे स्पष्ट बजावले आहे. मराठीतही तीन क्रियांना तीन शब्द हवेत : खुणा करणे ते अंशांकन, खुणांची पारख ते अंशशोधन, आणि स्क्रू फिरविणे ते समायोजन. ‘अंशशोधन’ हा शब्दही सर्वस्वी निर्धोक नाही. संस्कृत ‘शोधना’त शुद्ध करण्याचा अर्थ आहे, आणि तो पुन्हा स्क्रूकडेच नेतो. परंतु मराठी कानाला त्यात आधी ‘शोधणे’ ऐकू येते, म्हणून माझे मत त्याच्या बाजूने आहे.

‘प्रमाणदीप’ या शब्दाबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याखाली छापल्या जाणाऱ्या कोष्टकांविषयी. वर दिलेले सर्व आकडे हवेतील आहेत. निर्वातात हिरव्या रेषेची तरंगलांबी ५४६.२३ भरते. हा ०.१५ हून अधिकचा फरक चांगल्या यंत्रावर सहज दिसतो. तरीही ‘हवेत’ हा एक शब्द कोष्टकाच्या शिरोभागी क्वचितच आढळतो.