वर्ण कानाचे की डोळ्यांचे?

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत ‘वर्णविचार’ हे प्रकरण बहुधा एकाच पद्धतीने सुरू होते. वर्ण म्हणजे तोंडावाटे निघणारे मूलध्वनी, असे सांगितले जाते; लगेच पुढे तक्ता येतो तो मात्र लिपीतील चिन्हांचा. आमचा आक्षेप या अदलाबदलीला आहे.

‘जग’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहू या. एक, दुनिया या अर्थी. दुसरा, ‘शंभर वर्षे जग’ यातला. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात ती दातांच्या मागे येते आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. अर्थात भेद करणाऱ्या अशा लघुतम ध्वनिघटकाला भाषाविज्ञानात स्वनिम म्हणतात. येथे स्वनिम दोन आहेत, चिन्ह एकच. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहायला वेगळे, रोजच्या बोलण्यात मात्र सारखे. श आणि ष यांचेही तसेच. पुस्तके दंततालव्य उच्चारांची नोंद करतात, नाही असे नाही. पण ती जाता जाता. 2009 च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान मिळाले, दातांमागच्या च-ज यांना स्वतंत्र चिन्ह मात्र नाही.

दुसरी उणीव अर्थाच्या बाजूची. अक्षर, शब्द, वाक्य अशी शिडी शिकवताना शब्दाहून लहान अर्थपूर्ण घटक, म्हणजे रूपिम, निसटतो. ‘घरात’ची अक्षरे घ-रा-त, अर्थाचे तुकडे मात्र घर, सामान्यरूपाचा आ आणि त. ‘रा’ या एका अक्षरात दोन तुकड्यांचा सांधा लपला आहे! ‘वेडा’, ‘वेडी’ यांत तर एकेक स्वर लिंग सांगतो.

हा केवळ पारिभाषिक वाद नव्हे. ‘नीट ऐका, म्हणजे चुकणार नाही’ असे आपण श्रुतलेखनाच्या तासाला सांगतो. मूल नीट ऐकते, ‘षष्ठी’चे ‘शश्ठी’ लिहिते आणि गुण गमावते. त्याचा कान बरोबर असतो. लेखनाचा संकेत त्याला सांगितलेला नसतो. शुद्धलेखन जरूर शिकवावे, पण संकेत म्हणून.

वर्णविचाराचा पहिला तास फळा कोरा ठेवून घेता येईल. काल-काळ, ताक-टाक अशा जोड्या मुलांनीच शोधाव्यात. तक्ता नंतर टांगावा आणि कानाने काय ओळखले, चिन्हांत काय उतरले, हे त्यांनाच ताडून पाहू द्यावे.