आजीबाईंना लिहिलेली पत्रे

पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा इंग्रजी संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्याचे संपादन अ. भि. शहा यांचे. आपल्याकडे हा ग्रंथ बहुधा चरित्राचे साधन म्हणूनच हाताळला जातो. एखादी तारीख पडताळून पाहावी आणि मिटून ठेवावा, इतकेच. हिंदू अभिमान्याला त्यात धर्मांतराचा पश्चात्ताप सापडावा असे वाटते, तर ख्रिस्ती चरित्रकाराला संतत्वाची पूर्वतयारी. दोघांचीही निराशा होते, हे त्या पत्रांचे भाग्यच म्हणावयाचे. मला तो वेगळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. शीलवान आणि ममताळू माणसांनी चालविलेल्या धर्मसंस्थेतही काही नासू लागले आहे हे कशावरून ओळखावे, याचा इतका बारीक पुरावा माझ्या वाचनात दुसरा आलेला नाही.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ही विदुषी. पती आदल्याच वर्षी निवर्तलेले, पदरी दोन वर्षांची मनोरमा. पुण्यातही ज्यांचे काम चालू होते त्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या वाँटेज येथील मठात त्या उतरल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा तेथेच बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील या प्राचार्यांच्या हाताखाली त्यांचे अध्ययन-अध्यापन सुरू झाले. भगिनींनी त्यांना आसरा दिला, मुलीला माया दिली, हे आधी सांगून टाकणे न्यायाचे आहे. ज्यांच्या देखरेखीखाली त्या होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. आपल्याकडे हे नाव दिले म्हणजे लाडाबरोबर रागावण्याचा अधिकारही आपोआप जातो. जेराल्डिनबाईंनी तो अधिकार मात्र मठाच्या नियमावलीतून घेतला, आणि तेथेच सारे बिनसले.

पहिला खटका उडाला तो शिकविण्यावरून. रमाबाईंनी चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. हिंदुस्थानातील बिशपांनी तिला हरकत घेतली. पुरुषांना शिकविले तर स्वदेशात रमाबाईंचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हरकत चूक की बरोबर हा प्रश्न मी बाजूस ठेवतो. पाहावयाचे ते हे, की बिशप, मठ आणि प्राचार्या यांच्यात या प्रकरणी पत्रे फिरत राहिली. आणि जिच्या आयुष्याचा हा प्रश्न, तिच्यापर्यंत तो निर्णयाच्या रूपाने येऊन पोहोचला. रमाबाईंनी उत्तरादाखल जे लिहिले त्याचा आशय असा : माझ्या आईने तरुणांना शिकविले, मी शिकविले, माझ्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, ती येथील लोकांनी घ्यावी याचे नवल वाटते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना काय सोसावे लागले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या साध्या वाक्याची धार कळेल.

पुढील पत्रांत वादाचे विषय वाढत जातात. रमाबाई मांसच काय, अंडे घातलेले पक्वान्नही खात नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमची संस्कृत काय कमी पवित्र, असे विचारतात. त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रवचनांवरून पटवून द्या म्हणतात, आणि तो आपल्याला पटेपर्यंत मनोरमेला शिकवू नका असेही बजावतात. यांपैकी काही प्रश्न गहन आहेत, काही तर (पक्वान्नाचाच घ्या) केवळ स्वयंपाकघरातले. जेराल्डिनबाईंच्या पत्रांतून त्या सर्वांना मिळणारे उत्तर पुष्कळदा एकच असते : हा तुझा अहंकार आहे. येथे शंकेचे निरसन होत नाही. शंका घेणाऱ्या व्यक्तीचे निदान होते. आज्ञापालनाला नम्रता हे नाव मिळाले की प्रश्नाला उद्धटपणा हे नाव आपोआप मिळते, आणि मग केलेल्या उपकारांची आठवण हाच एक युक्तिवाद होऊन बसतो.

हा ख्रिस्ती धर्माचाच दोष, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. मिस् बील त्याच चर्चच्या, त्याच श्रद्धेच्या. परंतु त्यांची पत्रे वाचताना आपण जणू दुसऱ्या घरात शिरतो. ही बाई तत्त्वज्ञानाच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे येऊ शकेल, तिला नुसते ऐकविण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या रमाबाईंशी वाद घालतात, लांबलचक उत्तरे लिहितात, आणि वडीलधाऱ्यांकडे तिची बाजूही मांडतात. सिद्धान्त एकच असून दोन पत्रांतील हवा इतकी निराळी असावी, यातच या ग्रंथाचे सारे स्वारस्य आहे.

हे लिहिताना माझे मन स्वस्थ नाही, हे कबूल केले पाहिजे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून मीही शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिले आहेत. वेळापत्रकाविषयी बैठकीत तीनदा प्रश्न विचारणाऱ्या एका तरुण शिक्षकाच्या अहवालात मी 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा मारला होता. त्याचा प्रश्न काय होता, हे मला आज आठवत नाही. शेरा तेवढा आठवतो.

ग्रंथाच्या घडणीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ही पत्रे जमविली आणि टिपणे घालून सिद्ध केली ती जेराल्डिनबाईंनीच. म्हणजे रमाबाईंनी काही म्हणावे आणि शेवटचा शब्द आजीबाईंचा असावा, हा जुना संबंध ग्रंथाच्या रचनेतही उतरला आहे. आपली बाजू पुढे स्पष्ट व्हावी असा त्यांचा हेतू असणार; टिपणांतून तो जाणवतो. वाचकाच्या मनावर परिणाम होतो तो नेमका उलटा. टिपणे समजुतीची, किंचित थकलेली. मूळ पत्रे मात्र ताजी, मिस्किल, कुठे कुठे अन्यायाने तिखटही. शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर १८९३ साली बाहेर पडले ते रमाबाई फार ख्रिस्ती आहेत म्हणून. वाँटेजची तक्रार होती की त्या पुरेशा ख्रिस्ती नाहीत. या दोन तक्रारींच्या मध्ये उभी असलेली बाई कोणत्या आवाजात बोलत होती, तो आवाज आपल्याला ऐकू येतो तो बऱ्याच अंशी आजीबाईंमुळे. स्वतःविरुद्धचे कठोर कागद चुलीत घालणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते तारीखवार लावून ठेवले. रमाबाईही इंग्लंड सोडल्यानंतर त्यांना पत्रे लिहीत राहिल्या, आणि मायन्याचे ते मराठी नाव त्यांनी टाकले नाही.