दंगल तिथे झाली, इथे का नाही?

दंगल का झाली, याची कारणे आपण गप्पांत सहज सांगतो. आशुतोष वार्ष्णेय यांचे ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (२००२) हे पुस्तक मात्र पुढचा प्रश्न विचारते: तसेच दुसरे शहर शांत कसे राहिले? तौलनिक राज्यशास्त्राची हीच रीत. हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचे प्रमाण साधारण सारखे असलेल्या अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या लेखकाने तपासल्या. उत्तर मिळाले ते दोन्ही समाजांना एकत्र आणणाऱ्या संस्थांत: व्यापारी संघ, कामगार संघटना, राजकीय पक्ष.

एक शंका उरते. संस्थांमुळे शांतता टिकली, की शांततेमुळे संस्था? म्हणूनच पुस्तकातले भिवंडीचे उदाहरण मोलाचे. १९८४ च्या दंगलीनंतरच्या काळात तिथे पोलिसांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. म्हणजे असे संबंध प्रयत्नाने जोडता येतात. लेखकाने यावर अधिक लिहायला हवे होते.

लेखकाच्या कसोटीवर केवळ आपल्याच माणसांचे मंडळ अपुरे ठरते. आपल्या गणपतीच्या आरतीला अमराठी शेजारी किती येतात, हे यंदा मोजून पाहायला हरकत नाही.