अतिरेकाची मुळे आणि आपले साहित्य

अतिरेकीपणाचे मूळ कशात आहे, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक उत्तर धर्मग्रंथाकडे आणि मदरशाकडे बोट दाखवते, दुसरे दंगल, बेकारी आणि पोलिसी अन्यायाकडे. परिसंवादात दोन्ही बाजू आपापले पाढे म्हणतात आणि श्रोते पांगतात. ही उत्तरे कितपत टिकतात, हे आम्ही येथे दोन कृतींच्या आधारे तपासू पाहतो: अब्दुल वाहिद शेख यांचे ‘बेगुनाह कैदी’ हे उर्दू पुस्तक आणि हंसल मेहता यांचा ‘शाहिद’ (2013) हा हिंदी चित्रपट.

अब्दुल वाहिद हे आमच्याच पेशातले, मुंबईतले शिक्षक. 11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतील स्फोटांत 180 हून अधिक माणसे मारली गेली. त्या खटल्यात ते आरोपी झाले आणि 9 वर्षांनी, 2015 मध्ये, निर्दोष सुटले. पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले. त्यात शैलीचा नखरा नाही. कबुलीजबाब कसा काढला जातो, खटला कसा रचला जातो, हे ते फळ्यावर गणित सोडवून दाखवावे तसे पायरीपायरीने सांगतात. हाच या पुस्तकाचा मोठा गुण आहे.

त्याच खटल्यात दोषी ठरलेल्या उरलेल्या 12 जणांनाही मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर कैदेतच वारला होता. सरकार या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मालेगावच्या 2006 च्या स्फोटात पकडलेले मुस्लिमही 2016 मध्ये आरोपमुक्त झाले. मग प्रश्न पडतो, अशा माणसांच्या घरात, शाळेत आणि मशिदीत इतकी वर्षे जी ‘मूळ कारणे’ शोधली गेली, ती नेमकी कशाची कारणे होती?

आमच्या पनवेलचाही एक दाखला आहे. 20 फेब्रुवारी 2008 रोजी ‘जोधा अकबर’ लागलेल्या सिनेराज चित्रपटगृहात स्फोट झाला. पुढे वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनात फुटला. तेथे राग ‘आम्ही पाचपुते’ या नाटकावर होता. 2011 मध्ये सत्र न्यायालयाने सहा आरोपींपैकी दोघांना शिक्षा सुनावली, चौघांना सोडले. या दोघांसाठी त्यांच्या साऱ्या समाजाला जाब विचारला गेला नाही, आणि ते योग्यच झाले. तोच न्याय सर्वांना लागू व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु ‘बेगुनाह कैदी’ची एक मर्यादाही आहे. ते निरपराधांचे पुस्तक आहे. जो खरोखरच त्या वाटेने गेला, त्याच्याविषयी ते काही सांगत नाही. तेथे ‘शाहिद’ उपयोगी पडतो.

शाहिद आझमी यांनी कोवळ्या वयात 1992-93 ची दंगल पाहिली. ते काश्मीरमधील छावणीत गेले, भ्रमनिरास होऊन परतले, तुरुंगात शिकले, वकील झाले आणि अनेकांना निर्दोष सोडवले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांचा खून झाला. चित्रपटातला सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते न्यायालयाचा नसून तिहार तुरुंगाचा आहे. तेथे ओमर शेख त्याला द्वेषाकडे ओढतो आणि वॉरसाहेब पुस्तकांकडे. जखम तीच, मुलगाही तोच. त्याच्यापाशी कोण बसले, यावर वाट ठरते. अन्याय लाखोंवर झाला, छावणीत गेले ते मूठभर. म्हणून ‘अन्यायातून अतिरेक’ हे समीकरण खोटे नसले तरी अपुरे आहे.

मात्र छावणीकडे जाण्याचा प्रवास दिग्दर्शकाने घाईने उरकला आहे. दंगल दिसते, मग लगेच डोंगर दिसतात. मधले दिवस जवळजवळ गाळलेच आहेत. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि इसिसकडे वळले. त्यांत अभियांत्रिकी शिकणारेही होते. मदरसा आणि गरिबी ही दोन्ही हुकमी कारणे येथे हातची सुटतात. उत्तर असेल तर ते त्या मधल्या दिवसांतच असेल.

हीच उणीव मुस्लिम मराठी साहित्यातही जाणवते. आमच्या कथेत पकडून नेलेल्या मुलाची आई येते. स्वतःच्या पायांनी निघून गेलेल्या मुलाची आई क्वचितच येते. असे लिहिले तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, ही भीती निराधार नाही. पण आपण गप्प राहिलो, तर त्या मुलाशी बोलायला ओमर शेखच उरतो. नववीतला एखादा मुलगा अचानक गप्प झाला, तर ते शिक्षकाच्या लक्षात येते. का गप्प झाला, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य कथेत आहे. निरपराधांची बाजू मांडतानाच आपल्या कथाकारांनी या मुलाच्या मनातही उतरावे, ही अपेक्षा गैर ठरू नये.